'काय मर्दा?' : लैंगिक अडचणी असलेल्या पुरुषांचा गट बेळगाव भागात कसा चालवावा

आमच्याकडे दोन पुरुष भेटले की बोलणं सुरू होतं ते 'काय मर्दा' म्हणून. निपाणीच्या स्टँडवर, खानापूरच्या बाजारात, उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर दिवसातून कितीदा हा शब्द कानावर पडतो याची मोजदाद नाही. वडगावकडच्या एका विणकरानं गटात सांगितलं होतं, "लग्नाला चार वर्षं झाली सर, रात्रीचं जमत नाही. आणि दिवसभर जो तो मर्दा म्हणतोय. दर वेळी वाटतं, ह्याला कळलंय." कुणालाही काही कळलेलं नव्हतं. पण तो बोलला आणि समोर बसलेल्या तिघांनी मान वर केली. त्यांनाही तो शब्द तसाच लागत होता.

समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पुरुषांची पहिली अडचण बहुतेक वेळा शरीराची नसते. 'हे फक्त माझ्याच वाट्याला आलंय' ही समजूत पहिली. ती एकेकट्याच्या समुपदेशनात हळूहळू जाते, कधी जातच नाही. सहा-सात पुरुष एका खोलीत बसले की मात्र ती पहिल्या दोन बैठकांतच सैल होते. म्हणून हा लेख. मानसशास्त्रज्ञ, मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते, तालुक्याला दवाखाना चालवणारे डॉक्टर यांच्यासाठी मी तो लिहितोय. ज्याला स्वतः अशा गटात बसावंसं वाटतं पण दाराआड काय चालतं याची धास्ती आहे, त्यानंही वाचावा. लेखातल्या माणसांचे तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत.

गटच का?

गटानं उपचार करायची पद्धत मुळात क्षयरोगाच्या रुग्णांपासून निघाली. १९०५ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायला सुरुवात केली, आणि एकमेकांकडे बघून त्यांना उभारी येते हे त्यांच्या ध्यानात आलं. लैंगिक अडचणींसाठी मात्र पुढे जोडप्यांवर एकत्र उपचार करण्याची रीत पडली. ज्याला जोडीदार नाही, किंवा ज्याची बायको यायला तयार नाही, तो बाहेरच राहायचा. १९७०च्या दशकात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्नी झिल्बरगेल्ड यांनी अशा एकट्या पुरुषांचे गट चालवून दाखवले. आमच्या भागाला हीच पद्धत जास्त जवळची, कारण इथे नवरा-बायकोनं जोडीनं या विषयासाठी दवाखान्याची पायरी चढणं अजून दुर्मीळ आहे.

याला आधार आहे का, हे डॉक्टर मंडळी विचारतात आणि विचारलंच पाहिजे. २००७ साली कोक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या समीक्षेत लिंगाच्या ताठरतेच्या अडचणीवरच्या मानसोपचाराचे ११ अभ्यास, एकूण ३९८ पुरुष, एकत्र तपासले गेले. काहीच उपचार न मिळालेल्यांपेक्षा गटात बसलेल्यांना फायदा झाला. सिल्डेनाफिलची (व्हायग्रा म्हणून ओळखली जाणारी, ताठरतेसाठीची) गोळी आणि गट दोन्ही मिळालेले पुरुष नुसती गोळी घेणाऱ्यांपेक्षा पुढे होते, आणि त्यांच्यात उपचार अर्धवट सोडणारेही कमी होते. अभ्यास लहान आहेत, तेव्हा गट म्हणजे रामबाण असं कुणाला सांगू नका. पण गोळी हवी की गट, असा वाद घालण्यात अर्थ नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

आधी शरीर तपासा

ही पायरी कुणीही गाळू नये. गटात घेण्याआधी प्रत्येकाची तपासणी एमबीबीएस किंवा त्यावरच्या डॉक्टरनं केलेली हवी: रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, रक्तातल्या चरबीचं प्रमाण. इच्छाच कमी झाली असेल तर सकाळी ८ ते ११च्या दरम्यान रक्त घेऊन टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची तपासणी. लिंगाची आणि वृषणांची प्रत्यक्ष तपासणीही हवी. कातडी मागे सरकत नाही, लिंगाला बाक आलाय, दुखतंय, अशा साध्या गोष्टी माणूस वर्षानुवर्षं लपवतो आणि त्याला मानसिक ठरवलं जातं.

मधुमेह इथे आधी बघायचा. चाळिशीच्या पुढच्या माणसाची ताठरता गेल्या सहा महिन्यांत हळूहळू कमी झाली असेल तर तिला हृदयाची आगाऊ चिठ्ठी समजा. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे नळी चोंदायची खूण आधी तिथे दिसते आणि छातीत दुखणं काही वर्षांनी येतं. निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू हे शेतातलं पीक आणि खिशातली पुडी दोन्ही आहे, त्यामुळे तंबाखू, विडी, दारू याची विचारणा मोघम ठेवू नका. दिवसाला किती पुड्या, किती विड्या, आठवड्याला किती क्वार्टर, असा आकडा घ्या.

चालू औषधांची यादी मागा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, नैराश्यावरच्या काही गोळ्या, मनोविकारावरची काही औषधं यांनी ताठरता किंवा वीर्यपतन बदलतं. ती परस्पर बंद करायची नाहीत, डॉक्टरला सांगून बदलून घ्यायची. आणि जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा त्या जातीचं हृदयाचं औषध कुणी घेत असेल तर त्यानं सिल्डेनाफिलच्या जातीची गोळी कधीच घ्यायची नाही. रक्तदाब एकदम कोसळतो आणि जीव जाऊ शकतो. बैठकीतही हे मोठ्यानं सांगा, कारण अशा गोळ्या चिठ्ठीशिवाय हातोहात फिरतात.

तपासणीत एक प्रश्न फार कामाचा आहे: "पहाटे उठताना ताठरता असते का? एकट्यानं करताना असते का?" निरोगी पुरुषाला झोपेत रात्री तीन ते पाच वेळा ताठरता येते. पहाटे असते आणि बायकोजवळच जाते, तर वाहिन्या आणि नसा बहुधा ठीक आहेत. गाठ भीतीची आहे. हे त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगितलं की अर्धं ओझं त्याच खुर्चीत उतरलेलं मी पाहिलंय.

एकेकट्याची भेट

गट सुरू होण्याआधी प्रत्येकाशी निदान एकदा, शक्यतो दोनदा, पाऊण तास बोला. अडचण कधीपासून, कुणाबरोबर, घरात काय चाललंय, कर्ज, नोकरी, मूल होण्याचा दबाव, हे सगळं घ्या. ताठरतेसाठी आयआयईएफ-५ ही पाच प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्या. २५ पैकी २१ किंवा त्याहून कमी गुण आले तर अडचण आहे असं धरतात, आणि ७पर्यंत असतील तर ती तीव्र. पण प्रश्न गेल्या सहा महिन्यांतल्या संबंधांबद्दल आहेत, म्हणून अविवाहित किंवा सहा-सहा महिने गावाबाहेर असणाऱ्याला ते नीट लागू पडत नाहीत. त्याच्याशी बोलणं हीच त्याची तपासणी.

कुणाला गटात घ्यायचं नाही? ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार चालू आहेत, ज्याला भास किंवा संशयाचा आजार सध्या उफाळलाय, ज्याची दारू अजून आटोक्यात नाही, त्यांना आधी तो उपचार. घरात बायकोला मारहाण करणाऱ्याला या गटात घेऊ नये. 'तिनं ऐकलं पाहिजे' असं म्हणणाऱ्याच्या हातात स्पर्शाचे सराव देणं म्हणजे तिच्यावरचा जुलूम वाढवणं. त्याच्यासाठी वेगळं काम करावं लागतं.

इथे माझी एक चूक सांगतो. पहिल्या गटात मी पत्ते बघितले होते, गाव वेगवेगळी होती, तेवढ्यावर निर्धास्त राहिलो. पहिल्याच बैठकीत दोघं एकमेकांना बघून पांढरे पडले. एकाची बायको आणि दुसऱ्याची वहिनी एकाच गावच्या, एकाच गल्लीतल्या. त्यातला एक परत आलाच नाही. त्याचं नुकसान माझ्यामुळे झालं. तेव्हापासून मी गाव विचारतो, कामाचं ठिकाण विचारतो आणि बायकोचं माहेरही विचारतो. आपल्याकडे बातमी माहेरच्या वाटेनं फिरते.

जागा, वेळ आणि पाटी

पुरुष या त्रासासाठी मुद्दाम लांब जातो. निपाणीचा बेळगावला येतो, बेळगावचा कोल्हापूर किंवा धारवाड गाठतो, अथणी-रायबागचा मिरजेला. या सवयीचा फायदा घ्या. गट बेळगावात ठेवा आणि माणसं वेगवेगळ्या तालुक्यांतली निवडा: दोन खानापूरचे, दोन चिकोडीकडचे, एखादा हुक्केरीचा, एखादा शहरातला. परत जायची शेवटची बस किती वाजता आहे ते प्रत्येकाला विचारून मगच वेळ ठरवा.

दारावर 'लैंगिक', 'गुप्त' असा शब्द नको. 'पुरुष आरोग्य वर्ग' पुरतं. दहा-बारा लोक एकाच वेळी ये-जा करतात अशी इमारत बघा, म्हणजे जिन्यात कुणी भेटलं तरी सांगायला कारण असतं. खोलीचं दार बंद होणारं हवं, पंखा चालू हवा, शेजारच्या खोलीत आवाज जाता कामा नये. दोन वेळा तुम्ही स्वतः बाहेर उभं राहून ऐकून बघा.

ऊसपट्ट्यातल्या माणसांसाठी गळीत हंगाम टाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर फडात आणि कारखान्यावर रात्री जातात, मग खाडे होतात. मी उन्हाळ्याची सुरुवात किंवा दिवाळीआधीचे दोन-अडीच महिने धरतो.

माणसं सहा ते आठ, बैठका आठ ते दहा, आठवड्यातून एक, दीड ते दोन तासांची. गट बंद ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या बैठकीनंतर नवा माणूस नाही. चालवणारे दोघं असावेत. एक बोलत असतो तेव्हा दुसरा चेहरे बघतो. दोघांतली एक बाई असावी असं माझं मत आहे. सुरुवातीला पुरुष बिचकतात हे खरं, पण बाईसमोर हे शब्द उच्चारून आकाश कोसळत नाही हा अनुभव त्यांना घरी बोलताना उपयोगी पडतो. चालवणारा प्रशिक्षित हवा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेला, आणि मागे एक डॉक्टर उभा हवा.

व्हॉट्सॲप ग्रुप करू नका. घरात फोन बायको बघते, पोरं बघतात, ग्रुपचं नाव स्क्रीनवर झळकतं आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना जातात. प्रत्येकाला वेगळा, साधा संदेश: 'शनिवारी साडेपाच.'

पहिली बैठक

खुर्च्या गोलात, मधे टेबल नको. आधी चहा द्या. हातात कप असला की माणसाला हातांचं काय करावं ते कळतं.

सुरुवात नियमांनी करा आणि घाई करू नका. इथलं बोलणं इथेच. पूर्ण नाव सांगायची सक्ती नाही, हवं ते नाव घ्या. बाहेर एकमेकांना भेटलात तर ओळख दाखवायची नाही, गटाबाहेरची आधीची ओळख असेल तेवढीच ठेवायची. दारू पिऊन यायचं नाही. औषधाच्या पुड्या, गोळ्या, वैद्याचे पत्ते एकमेकांना द्यायचे नाहीत. आणि गुप्ततेला मर्यादा कुठे आहे तेही पहिल्याच दिवशी सांगा. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त राखणं आपल्यावर बंधनकारक आहे, पण कुणाच्या जिवाला धोका दिसला तर आपण गप्प बसणार नाही. अल्पवयीन मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवावंच लागतं. हे आधी न सांगता नंतर कळवलं तर तो विश्वासघात होतो.

मग शब्द. या भागात यावर खास वेळ द्यावा लागतो. माणूस घरी मराठी बोलतो, कचेरीत कन्नड, कारखान्यात कधी दखनी, आणि या विषयासाठी त्याच्याकडे तिन्हीतल्या फक्त शिव्या असतात, नाहीतर पाट्यांवरचे शब्द: कमजोरी, पॉवर, टायमिंग, धातू (म्हणजे वीर्य), नरदौर्बल्य (कन्नडमध्ये नसांची कमजोरी). फळ्यावर सगळे लिहायला लावा. 'उठत नाही', 'लवकर होतं', 'टाईट राहत नाही', 'धातू जातं', 'हातानं करणं'. कुणी हसलं तर हसू द्या, पहिल्या हसण्यानं खोली मोकळी होते. मग प्रत्येक शब्दासमोर गटानं मिळून एक असा शब्द ठरवायचा की जो म्हणताना मान खाली जात नाही. ताठरता, वीर्य, हस्तमैथुन हे शब्द जड वाटले तर गटाचा स्वतःचा शब्द चालेल. 'नपुंसक' आणि 'नामर्द' हे दोन मात्र मी फळ्यावरून पुसतो, सगळ्यांसमोर. त्यांत आजाराची माहिती काहीच नाही, नुसता अपमान आहे. एकजण कन्नडमध्ये बोलायला लागला तर थांबवू नका, दुसरा कुणीतरी मराठी करून सांगतो. माणूस ज्या भाषेत लाजतो त्याच भाषेत त्याला बोलू द्यावं.

र. धों. कर्वे १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून मराठीत या विषयावर उघड लिहीत होते, त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. आपल्या भाषेला हे बोलता येतं, आपणच मधे गप्प बसलो, एवढं मी पहिल्या दिवशी आवर्जून सांगतो.

शेवटच्या वीस मिनिटांत प्रत्येकानं दोन वाक्यं बोलायची: काय होतंय, आणि कधीपासून. कुणी 'पास' म्हणालं तर चालेल. माझ्या अनुभवात पहिल्या दिवशी एक-दोघं पास म्हणतात आणि तेच पुढे सगळ्यात जास्त बोलतात.

दुसरी आणि तिसरी बैठक: शरीराची माहिती

इथे फळा, चित्र आणि आकडे. पुरुषांना आकडे आवडतात, आणि त्यांच्या डोक्यात जे आकडे आहेत ते मोबाईलवरच्या अश्लील चित्रफितींतून आलेले असतात.

आधी वेळ. २००५ साली पाच देशांतल्या ५०० जोडप्यांनी घड्याळ लावून मोजलं. योनिप्रवेशापासून वीर्यपतनापर्यंतचा मध्य ५.४ मिनिटं निघाला. हा आकडा सांगितल्यावर खोलीत जी शांतता पसरते ती जपा, लगेच बोलू नका. गटातला निम्मा 'शीघ्रपतन' तिथेच संपतो. खरं शीघ्रपतन म्हणजे पहिल्यापासूनच साधारण एका मिनिटात होणं, किंवा आधी ठीक असून आता तीन मिनिटांच्या आत येणं, त्यावर ताबा नसणं, आणि त्याचा त्रास होणं.

मग लांबी. २०१५ साली १५,५२१ पुरुषांच्या मोजमापांचा एकत्र हिशोब झाला. ताठ अवस्थेतली सरासरी १३.१२ सेंटिमीटर आली. एवढं सांगून पुढे जा, यावर वाद वाढवू नका.

धातूवर मात्र थांबावं लागतं. शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य, हे प्रत्येकानं आजोबांकडून नाहीतर तालमीत ऐकलेलं असतं. लघवीबरोबर पांढरं जातं आणि त्यामुळे अंगातली ताकद गेली, पाठ दुखते, लक्ष लागत नाही, अशी तक्रार घेऊन तरुण पोरं येतात. या तक्रारीला 'धात सिंड्रोम' हे नाव डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली दिलं आणि ते जगाच्या वैद्यकीय पुस्तकांत गेलं. या पोरांना हसू नका, 'हा भ्रम आहे' असंही तोंडावर म्हणू नका. थकवा खरा असतो. त्यामागे बऱ्याचदा नैराश्य किंवा चिंता असते. लघवी तपासून घ्या, जंतुसंसर्ग असेल तर औषध द्या. नसेल तर सांगा की वीर्याचा बराचसा भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथींचा स्राव असतो, एका वेळी साधारण १.५ ते ५ मिलिलिटर, आणि ते तयार होतच राहतं. तोंडात लाळ येते तसं. लघवीतला पांढरेपणा कित्येकदा फॉस्फेटच्या क्षारांचा असतो. एका गटात गुऱ्हाळ चालवणाऱ्या एका काकांनी हे ऐकून शेजारच्या पोराला सांगितलं, "झरा आहे रे तो, टाकी नव्हे." माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा त्या एका वाक्यानं जास्त काम केलं.

याच बैठकीत जाहिरातींवर बोला. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला १९५४च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्यानं बंदी आहे. किती पैसे गेले ते प्रत्येकाला सांगू द्या. बायकोचं डोरलं मोडलेला माणूस मी पाहिलाय. ते सांगताना तो रडला आणि गटानं त्याला रडू दिलं.

चौथीपासून: परीक्षा रद्द करा

ताठरता येते ती शरीर निवांत असताना काम करणाऱ्या मज्जासंस्थेमुळे. भीती आली की दुसरी मज्जासंस्था जागी होते, तीच जी कुत्रा मागे लागल्यावर पळायला लावते. एकदा थकव्यानं किंवा दारूनं जमलं नाही, पुढच्या वेळी माणूस स्वतःकडेच बघत बसतो, 'येतंय का, टिकतंय का', आणि त्या बघण्यानंच जातं. गोव्यात कामाला असलेला खानापूरचा माणूस शनिवारी रात्री घरी येतो आणि रविवारी संध्याकाळी परत निघतो. त्याच्यासाठी महिन्यातली ती एक रात्र म्हणजे परीक्षा. रजेवर आलेल्या जवानाचंही तसंच. हे चक्र फळ्यावर काढा आणि प्रत्येकाला त्यात स्वतःची गोष्ट भरायला सांगा.

उपाय: परीक्षाच रद्द करायची. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९७० साली मांडलेला स्पर्शाचा सराव आजही याचा पाया आहे. दोन-तीन आठवडे संभोग करायचाच नाही, जमला तरी नाही. बायकोला हे नीट सांगून, तिची मर्जी असेल तरच. आठवड्यातून दोनदा, वीस-तीस मिनिटं, आधी एकानं हात फिरवायचा, मग दुसऱ्यानं. पाठ, दंड, पावलं, केस. छाती आणि गुप्तांग सोडून. लक्ष फक्त ऊब, गार, खरखरीत, मऊ याकडे. दुसऱ्या टप्प्यात गुप्तांगासहित, पण तरीही संभोग नाही. तिसऱ्या टप्प्यात ताठरता आली की मुद्दाम थांबायचं, जाऊ द्यायची, पुन्हा येऊ द्यायची. गेलेली परत येते, हे अंगाला कळणं ताठरतेच्या अडचणीत सगळ्यात महत्त्वाचं. संभोग त्यानंतर, आधी हालचालीशिवाय, मग हळूहळू.

'आमच्या घरात हे कुठे करायचं?' हा प्रश्न प्रत्येक गटात येतो आणि तो खरा आहे. दोन खोल्या, सासू-सासरे, मुलं मधे झोपलेली, पत्र्याचं दार. गटाकडूनच उत्तरं काढा. सासू शेताला गेल्यावरची दुपार. पहिला टप्पा पूर्ण कपड्यांत, नुसता पाठीचा आणि तळपायांचा. महिन्यातून एकदा मुलं आजोळी. त्या विणकरानं सांगितलं, मागाच्या खोलीला कडी आहे आणि ती फक्त दोघांची. मी कितीही विचार केला असता तरी मला हे सुचलं नसतं.

लवकर होणाऱ्यांसाठी थांबा-चालू सराव, १९५६ साली डॉ. जेम्स सीमन्स यांनी सांगितलेला. एकट्यानं, कोरड्या हातानं. उत्तेजना एक ते दहा मनात मोजायची. सातला आली की थांबायचं, चारपर्यंत उतरू द्यायची, पुन्हा सुरू. असं तीनदा, चौथ्यांदा होऊ द्यायचं. आठवड्यातून तीन वेळा. दोन आठवड्यांनी खोबरेल तेल लावून, मग बायकोच्या हातानं, मग संभोगात. निरोध वापरत असाल तर तेल नको, लेटेक्स फाटतं. औषधांच्या दुकानात मिळणारे बधिर करणारे फवारे कुणी वापरत असेल तर डॉक्टरांना विचारून वापरावेत आणि संभोगाआधी धुवावेत, नाहीतर बायकोही बधिर होते. रोज घ्यायच्या किंवा वेळेपुरत्या गोळ्याही आहेत, त्या डॉक्टर ठरवतील.

ज्याला हातानं होतं पण बायकोबरोबर होतच नाही, त्याची बऱ्याचदा पकड फार घट्ट असते किंवा पालथं पडून घासायची सवय असते. ती हळूहळू बदलायची, एवढंच त्याचं बरंचसं काम.

इच्छाच नाही म्हणणाऱ्याला वेगळं बसवून विचारा. झोप, दारू, नैराश्य, कर्ज, मनात धरलेला राग. कधी त्याचं मन पुरुषाकडे असतं आणि लग्न घरच्यांनी लावलेलं असतं. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितलंय, आणि तो आजार तर नाहीच. त्याला 'सुधारायला' घेऊ नका. गटात सांगायचं की नाही हे तोच ठरवेल.

दर बैठकीची पहिली चाळीस मिनिटं घरच्या अभ्यासाची. 'जमलं का?' असं विचारू नका, तो परत परीक्षेचा प्रश्न झाला. 'काय लक्षात आलं?' असं विचारा.

बायकोशी बोलणं

सहाव्या-सातव्या बैठकीत खुर्च्या समोरासमोर ठेवून सराव घ्या. एकजण नवरा, एकजण बायको. पहिलं वाक्य शोधायलाच अर्धा तास जातो. गटातून निघालेलं एक वाक्य मी पुढच्या सगळ्या गटांना देतो: "माझं तुझ्यावरचं मन कमी झालेलं नाही, मला भीती बसलीय, त्यावर मी शिकतोय." कित्येक बायका वर्षानुवर्षं समजत असतात की आपणच आवडेनाशा झालो किंवा बाहेर कुणी आहे. मूल होत नाही म्हणून तिलाच बोल लागलेले असतात, नवस तिनंच केलेले असतात, आणि घरात खरं कारण फक्त नवऱ्याला माहीत असतं. हे गटात बोललं गेलंच पाहिजे, इथे मी पुरुषांना सोडत नाही. तिला संबंधाच्या वेळी दुखत असेल, अंग आकसत असेल, तर तिच्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ. तिची इच्छा असेल तर एक जोडीची भेट, गटाबाहेर.

अडतं कुठे

एखादा फुशारक्या मारतो, 'आधी माझं तासभर चालायचं.' त्याला खोडू नका. विचारा, "आणि पहिल्यांदा नाही जमलं ती रात्र कशी होती?" एखादा सगळ्यांना सल्ले देतो, त्याला 'स्वतःबद्दल सांग' एवढंच म्हणा. शांतता पसरली तर दोन मिनिटं थांबा, बहुधा कुणीतरी मोठं काही सांगायच्या तयारीत असतो. लहानपणी झालेला अत्याचार कुणी गटात पहिल्यांदा उघड केला तर तपशील खणू नका. ऐका, त्याच दिवशी बैठकीनंतर त्याच्याबरोबर बसा, वेगळी भेट ठरवा.

तुम्हाला झेपणार नाही असं काही दिसलं तर बेळगावात जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, मोठ्या खासगी रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ आहेत, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. दोन बैठकांच्या मधे कुणाला रात्री फार त्रास झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. तो पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या फोनमध्ये साध्या नावानं घालून द्या.

शेवटची बैठक आणि नंतर

आयआयईएफ-५ पुन्हा भरून घ्या आणि दोन्ही आकडे ज्याचे त्याला वेगळे दाखवा. काहीजणांचे गुण फारसे हलत नाहीत पण घरात बोलणं सुरू झालेलं असतं. तो फरकही लिहून ठेवा. मधुमेहानं नसा गेलेल्या माणसाला नुसत्या गटानं ताठरता परत येईल असं सांगू नका. त्याला मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवा. गोळी, निर्वात पंप, इंजेक्शन, असे मार्ग आहेत, आणि गटातून गेलेला माणूस ते लाजेविना वापरतो.

एक, तीन आणि सहा महिन्यांनी एकेक बैठक ठेवा. अडचण मधे पुन्हा डोकं वर काढते, विशेषतः घरात आजारपण किंवा कामाचा ताण आला की. तेव्हा सराव पहिल्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करायचा हे आधीच कागदावर लिहून द्या.

मधेच कुणी यायचा बंद झाला तर दोन खाड्यांनंतर एकदा फोन करा, एकदाच. फोन बायकोनं किंवा मुलानं उचलला तर 'पुन्हा करतो' म्हणून ठेवून द्या. त्यानं उचलला तर का आला नाहीस हे विचारू नका. 'शनिवारी साडेपाचला तुझी खुर्ची आहे' एवढं म्हणा, आणि ती खुर्ची गोलातून काढू नका.